टीचभर उंचीवर

थंडर बेला जानेवारीत दुपारी तीनलाच ऊन आडवं होतं.
गॅरेजमध्ये शिरतं ते जमिनीलगत सरपटत
आणि थेट उजव्या सेन्सरच्या डोळ्यात जातं.
मग दार अर्ध्यावर येऊन थबकायचं,
काही विसरल्यासारखं परत वर जायचं.
बंदरावरच्या धान्यकोठारात इल्मारीची पाळी साडेतीनची.
बाहेर उणे अठ्ठावीस.
गाडी तापलेली, नवरा तिच्याहून.

एका रविवारी त्याने दोन्ही डोळे उपसले
आणि वर, छताजवळ, मोटरच्या डब्यावर
समोरासमोर चिकटवले राखाडी टेपने.
बसले ते एकमेकांकडे बघत
नव्या जोडप्यासारखे,
उंबऱ्याकडे बघायला कुणी उरलं नाही.
दार मात्र शहाण्यासारखं मिटायला लागलं.
तो म्हणाला, झालं.
मीही म्हटलं, झालं एकदाचं.

साइमी पाच वर्षांची.
खोक्यावर चढून बटण दाबायचं
आणि दार टेकायच्या आत पळायचं बाहेर, बर्फात:
हा तिचा खेळ.
स्वयंपाकघरात मला ऐकू यायची
मोटरची घरघर, बुटांची धपधप, मग हसू.
त्या दिवशी हसू आलं नाही.

हातातली बशी कुठे ठेवली, आठवत नाही.
दार जमिनीपासून हातभर वर अडलेलं,
खाली तिची लाल घसरगाडी
पुठ्ठ्यासारखी मधोमध दुमडलेली,
मोटर अजून रेटतेच आहे,
आणि फटीतून पलीकडे दिसताहेत
दोन बूट.
उभे.
घसरगाडीची दोरी ताणून
ती दाराला दरडावत होती:
"सोड तिला. सोड म्हणते ना!"

मी बटण दाबलं.
दार वर गेलं, निमूट,
जणू काही झालंच नव्हतं.

मंगळवारी नेस्टर कोवालचुक आला, त्याची पेटी घेऊन.
डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर संपलेली.
साइमी बघत राहिली, मग तिने विचारलंच.
"स्प्रिंग," तो म्हणाला, वर बोट करून, उरलेल्या.
"मला वाटलं, तिचा पीळ उतरलाय."
एवढंच. पुढे काही सांगितलं नाही.
स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्याशी झटायचा
इल्मारीचा बेत होता, पुढच्या रविवारी.
त्याने हळूच हात खिशात घातले.

नेस्टरने टेप सोलली, डोळे खाली आणले,
जमिनीपासून टीचभर उंचीवर
पुन्हा समोरासमोर बसवले,
मधे दाराची अख्खी रुंदी ठेवून.
उन्हाचा डोळा सावलीच्या बाजूला नेला,
सावलीचा उन्हाकडे.
पंधरा मिनिटं लागली.
ती पंधरा मिनिटं मला अजून बोचतात.

बटण त्याने माझ्या खांद्याच्या वर चढवलं.
एक फळी आडवी टाकून दार सोडलं;
टेकलं, दचकलं, परत फिरलं.
मग साइमीच्या हाती कागदी टॉवेलचा रोल दिला:
हिने बाजूला उभं राहून तो दाराच्या वाटेत सरकवायचा,
बघू दाराला दिसतो का.
दिसला.
"आता बघतंय ते," ती म्हणाली,
आणि तिची दाराशी असलेली कट्टी सुटली.

बिल लिहिता लिहिता, मान वर न करता
नेस्टरने विचारलं, "वर कुणी बांधले होते?"
इल्मारीने हात वर केला,
वर्गात करतात तसा.
मी म्हटलं, "शिडी मी धरली होती."
तो काही बोलला नाही. गाडीतून
त्याने दुमडलेल्या घसरगाडीसाठी एक पट्टी आणून दिली,
तिचे पैसे बिलात नव्हते.

आता दर महिन्याच्या एक तारखेला
घरभाड्यासारखी फळी आणि रोल निघतात.
कालही दार अर्ध्यावरून परत गेलं.
वाऱ्याने कुठलीशी पिशवी आली होती उंबऱ्यात.
तीन वाजून दहा मिनिटं झालेली.
इल्मारी गाडीतून उतरला, पिशवी उचलली,
घडी करून खिशात ठेवली,
आणि पुन्हा बटण दाबून
दार टेकेपर्यंत
तिथेच उभा राहिला.